संत्र्याच्या बागेतून निघालेला ठिपका

लॅपटॉपवरचा ठिपका बाग सोडून डांबरी रस्त्यावर आला, तेव्हा आमच्या हातात चहाचे कप होते. तो ठिपका म्हणजे आमची गाडी. टेबलाएवढी, चार चाकांची, ड्रायव्हर नसलेली. झाडांच्या ओळींमधलं गवत ती आपली आपण कापत जाते. आमच्याकडे तशी एकच होती.

राजापेठेतल्या एका छोट्या कंपनीत मी हार्डवेअर इंजिनिअर आहे. त्या दिवशी चांदूर बाजारजवळच्या संत्र्याच्या बागेत डेमो होता. शेतीची यंत्रं भाड्याने देणारे वानखडेभाऊ खास अकोल्याहून आले होते. त्यांनी नको म्हटलं तर हे काम गुंडाळायचं, असं आमचे बॉस काळे सर आधीच बोलले होते. गाडी झाडांआड गेली आणि आम्ही पंपाच्या खोलीपाशी निवांत बसलो.

"चोरली," सर म्हणाले.

मलाही तेच वाटलं. गाडी माणसाच्या चालीने चालते. ठिपका त्यापेक्षा खूपच जोरात पुढे सरकत होता. म्हणजे कोणीतरी तिला उचलून दुसऱ्या वाहनात घातलं होतं.

सरांनी पोलिसांना फोन लावायला घेतला, पण तिथे रेंज नव्हती. रेंज नसते म्हणूनच तर गाडीवर वेगळा ट्रॅकर बसवला होता. साबणाच्या वडीएवढी डबी. ती उपग्रहांवरून आपली जागा ओळखते, तेवढाच निरोप रेडिओने पाठवते आणि झोपते. काही मिनिटांनी परत उठते. या रेडिओला लोरा म्हणतात. निरोप अगदी लहान ठेवायचा आणि सावकाश पाठवायचा, म्हणजे थोडक्या विजेत तो कित्येक किलोमीटर जातो. डबीला स्वतःचा सेल असतो. गाडी बंद पडली तरी ती बोलत राहते.

हे निरोप पकडणारा रिसीव्हर मी उचलला आणि आम्ही सरांच्या कारमध्ये बसलो. अँटेना मी खिडकीबाहेर धरली. लॅपटॉप वानखडेभाऊंच्या मांडीवर.

"हे दर सेकंदाला का सांगत नाही?" सरांनी विचारलं.

"मग सेल संध्याकाळपर्यंत संपेल, सर."

"संध्याकाळी काय करायचंय? मला आत्ता पाहिजे!"

वानखडेभाऊ खिडकीबाहेर बघून हसले. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण पुढचा निरोप आलाच नाही. त्याच्या पुढचाही नाही. सरांनी वेग वाढवला. बैलगाड्या, मोटारसायकली, झेंडूने भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली, सगळं मागे टाकत आम्ही निघालो. मग एकदाचा निरोप आला. ठिपका आमच्या मागे होता.

कार वळवली. समोरून तीच झेंडूची ट्रॉली येत होती आणि फुलांच्या ढिगातून आमची काळी अँटेना डोकावत होती. ओली फुलं रेडिओचे निरोप गिळतात. ते असं रस्त्यावर शिकायला मिळालं.

सर हात आडवा करून रस्त्यातच उभे राहिले. ट्रॅक्टर थांबला. चालवणाऱ्या गृहस्थाने मागे बोट दाखवलं. फुलांवर बसलेली त्याची बायको बोलली. मंदाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं.

"हे गाडं तुमचं काय? बरं झालं भेटले. माह्या वावरात शिरलं थे. दसऱ्याचा झेंडू कापून राहिलं होतं. लाल बटण दिसलं, दाबलं. बागेकडं हाका मारल्या, कोणी ओ देईना. फुलं तं बाजारात न्यायचीच होती. मनलं, तिथं कोणी ओळखीन."

सरांचा आडवा केलेला हात हळूच खाली आला.

झालं होतं ते असं. कुंपणालगतची काही वाळलेली झाडं मालकाने काढून टाकली होती आणि तिथलं कुंपणही पडलं होतं. ती मोकळी जागा गाडीला पुढची ओळ वाटली. सरांनी माफी मागितली आणि नुकसान भरून देतो म्हणाले.

"थे तं द्याच," मंदाबाई म्हणाल्या, "पण आधी थे कुंपणाचं खिंडार बुजवा. तुमचं गाडं उद्या पुन्हा येईन."

आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी खाली उतरवली. पात्यांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. डेमो संपला, असं मी मनाशी धरलं. तेवढ्यात वानखडेभाऊंनी डबीवर बोट ठेवलं.

"ह्या गाड्याले अजून शिकून घेऊ द्या," ते म्हणाले. "पण ही डबी मले पाहिजे. माही यंत्रं एका गावाहून दुसऱ्या गावाले जातात. फोन केला का जो तो म्हणते, निघालंच आहे."

तर त्या दिवशी गाडीची ऑर्डर मिळाली नाही. डब्यांची मिळाली, आणि त्या पैशावर गाडीचं कामही चालू राहिलं. आता कुठल्याही बागेत गाडी चालवण्याआधी आम्ही कुंपणाच्या कडेने पायी फेरी मारतो.

ऑफिसात परतल्यावर मी ठिपक्यांची पूर्ण वाट उघडून पाहिली. रस्त्यावर येण्याआधीचे ठिपके सरळ मंदाबाईंच्या वावरात होते. आम्ही चहा पीत असताना ते स्क्रीनवर आले होते, पण कोणाचं लक्षच नव्हतं. आपली वस्तू रस्त्यावर दिसली की चोर शोधावासा वाटतो. त्याआधी ती कोणाच्या वावरात शिरली होती, तेवढं पाहून घ्यावं.