बोर्डावरचं आडनाव

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता ताण देऊन आठवावे लागतात. हे मात्र न बोलावता समोर येतं, आणि यात कोणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वारंगा फाटा आमच्या हद्दीत होता. महामार्गावरचा फाटा म्हणजे उभे ट्रक, हॉटेलं, पंक्चरची दुकानं, आणि ठाणेदाराला कायमची डोकेदुखी. त्याच फाट्यावर एका बाईनं मसाज सेंटर उघडलं होतं.

बाई जवळच्या तांड्यावरची, चाळिशी ओलांडलेली. नवरा ट्रक ड्रायव्हर होता. पाठ गेली, गाडी सुटली, म्हणून उपचारासाठी दोघं पुण्याला गेले. ज्या मसाजनं नवरा पुन्हा उभा राहिला, तेच काम दोघांनी रीतसर शिकून घेतलं. काही वर्षं तिथंच नोकरी करून ते गावाकडं परतले. बायकांना ती बघायची, पुरुषांना नवरा. खोल्या वेगळ्या.

तिला सगळ्यांनी सांगितलं होतं की बोर्डावर ‘मसाज’ लिहू नको. ‘आयुर्वेदिक केंद्र’ लिही, ‘मालिश’ लिही. तिनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं: शब्द लपवला की काम लपवल्यासारखं दिसतं. मोठा बोर्ड लावला. त्यावर ‘मसाज थेरपी’, खाली दोघांचे फोटो, दोघांची नावं, आणि ठळक अक्षरात आडनाव. शिवाय तिनं फाट्यावर दोन फ्लेक्स लावले. एकावर धोतर नेसलेला एक म्हातारा हात वर करून उभा, आणि त्याचंच वाक्य: ‘माजा खांदा मोकळा झाला.’ दुसऱ्यावर एक आजी, मान वळवून हसणारी. आठवडी बाजारात ती खुर्ची मांडून बसायची आणि चारचौघांत बायकांचे खांदे, मान चोळून द्यायची. ऑटोवर भोंगा लावून गावोगाव सांगत फिरली, ‘लाजू नका, येऊन बघा.’ आधी हसले ते लोक नंतर यायला लागले. शाळेतल्या बाई यायच्या, कापूस वेचून कंबर धरलेल्या मजूर बायका यायच्या. तो शब्द उच्चारला की पूर्वी चहाच्या टपरीवर डोळे मिचकावले जायचे, ते कमी झालं होतं. हे मी स्वतः पाहिलंय.

आणि मग ठाण्याच्या फोनवर माहिती आली. नाव सांगायला नकार. ‘मी एक जबाबदार नागरिक बोलतोय. तेथे अनैतिक प्रकार चालतात. आत डाव्या हाताला दुसरी खोली आहे, तिला आतून कडी आहे. ट्रकवाले येतात. उद्या दुपारी जा, सापडेल.’

फोन मीच घेतला होता. दोन गोष्टी कानाला लागल्या. आमच्याकडचा माणूस अशा वेळी ‘गलत काम’ म्हणतो, ‘अनैतिक’ म्हणत नाही. आणि माहिती देणारा कडीपर्यंत जातो, तेव्हा तो आत जाऊन आलेला असतो.

आमच्या महिला अंमलदार तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, माझ्या आईला मीच नेते तिथं. तसलं काही न्हाई.”

“तुम्हाला माहीत आहे, मलाही कळू द्या,” मी म्हणालो.

माहिती आली की खातरजमा करावीच लागते. पण बाईची बदनामी नको, म्हणून सरकारी गाडी नेली नाही. साध्या कपड्यांत, खाजगी गाडीतून निघालो. मी, महिला अंमलदार आणि दोन पंच. कुठं जातोय हे पंचांनासुद्धा वाटेतच सांगितलं.

पोहोचलो तर दारासमोर मोबाईल उंच धरून एक जण उभा. आमच्या भागात बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवणारा. आम्ही उतरायच्या आत त्याचं बोलणं सुरू झालं होतं, “मसाज सेंटरवर पोलिसांचा छापा!”

बाई बाहेर आली. हाताला तेल. कॅमेऱ्याकडे तिनं बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं.

“छापा कशाचा, साहेब? या आत. बघून घ्या बराबर. एक कोपरा सोडू नका.”

आत गुडघे धरून बसलेल्या तीन म्हाताऱ्या आणि पुरुषांच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमन. महिला अंमलदारांनी बायकांची खोली पाहिली. डाव्या हाताच्या त्या दुसऱ्या खोलीचं दार सताड उघडं होतं, पुढं फक्त पडदा होता. दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूची चार भोकं तेवढी दिसत होती.

“इथली कडी कुठं गेली?” मी विचारलं.

“दुकान सुरू केलं त्याच दिशी काढली. पूजा झाली, घरचे लोक जेवून गेले, आन् संध्याकाळी मी याह्यला म्हणलं, काढा ती कडी. गिऱ्हाईक यायच्या आधी काढा. कोणीबी कवाबी पडदा सारून बघावं.”

पंचनामा केला. आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही, असं लिहिलं. पण माझं लक्ष त्या चार भोकांवर होतं. एकाही गिऱ्हाइकानं ती कडी पाहिलेली नव्हती. ज्यानं पाहिली, तो पूजेला जेवून गेलेला होता. घरचा होता.

मी यूट्यूबवाल्याला ठाण्यात बोलावलं. आधी तो ‘सूत्रं, सूत्रं’ करत राहिला. मी आवाज चढवला नाही. अशा माणसावर ओरडलं की त्याला त्याचीही बातमी करता येते. मी एवढंच म्हणालो, “छापा पडणार हे माझ्या पंचांना माहीत नव्हतं, आणि तुला माहीत होतं. म्हणजे खोटी खबर देणाऱ्याशी तुझं बोलणं झालंय. आता तू साक्षीदार व्हायचं का त्याच्या शेजारी बसायचं, तूच ठरव.”

त्यानं मोबाईल पुढं सरकवला. नंबर एका शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा निघाला. झेरॉक्सवाला घाबरून म्हणाला, “साहेब, मी काहून फोन करू? सर आले होते. म्हणले, मोबाईल उतरला, दोन फोन लावायचेत. सरांना न्हाई कसं म्हणावं?”

ते सर म्हणजे बाईच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. तालुक्यात मान असलेले शिक्षक.

ते इस्त्रीच्या कपड्यांत आले, खुर्चीत ताठ बसले. “आपल्याकडे पुरावा काय?”

“सर, त्या खोलीला कडी आहे, असं तुम्ही फोनवर सांगितलंत.”

“आहेच. मी स्वतः पाहिली आहे.”

“कधी पाहिली?”

“उद्घाटनाच्या दिवशी.”

“त्याच संध्याकाळी ती काढली, सर. त्यानंतर तुम्ही तिकडं फिरकलाच नाहीत.”

मग ते बोलले, आणि या वेळी पुस्तकातलं नाही, घरातलं बोलले. “मुलीसाठी स्थळं येऊन राहिली, साहेब. फाट्यावर उतरलं की पहिल्यांदा तो बोर्ड दिसतो. आमचं आडनाव आन् वर मसाज. पाव्हणे इचारतात, ती बाई तुमची कोण? धाकट्याला कितीदा सांगितलं, आडनाव तरी काढ. ती म्हणते, नाव लपवलं तर जाहिरात कशाची? मला वाटलं, पोलीस एकदा येऊन गेले की बंद करील. घरातल्या कोणाला वाईटपणा घ्यावा लागणार न्हाई.”

“आणि कॅमेरा?”

सर इस्त्रीच्या बाहीची घडी सारखी करू लागले.

त्या व्हिडिओत बोर्ड स्पष्ट दिसत होता. आडनावासकट. तो जिल्हाभर फिरला आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गावीही पोहोचला. सरांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं.

बाईला सगळं सांगितलं तेव्हा नवरा खाली मान घालून म्हणाला, “मोठा भाऊ हाय. जाऊ द्या, साहेब.”

ती उसळली. “काहून जाऊ द्या? त्यांच्या पोरीला बाळपणी ह्याच हातानं चोळून न्हाऊ घातलं मी. तवा हे हात गलत नव्हते?” मग माझ्याकडे वळली. “मला माफी नको. त्यांनी त्याच पोराच्या व्हिडिओत बोलावं. मी खोटं बोललो, म्हणावं. एवढी एक जाहिरात मला करून द्या.”

सरांनी नकार दिला. नोकरी जाईल म्हणाले.

पोलिसांना खोटी माहिती देणं कायद्यात अदखलपात्र आहे. त्यासाठी कोर्टात तक्रार करावी लागते. ती मी केली. सरांनी गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाले. ‘केंद्रात काहीही गैर आढळले नाही’ अशी प्रेसनोट मी सगळ्यांना पाठवली. एका दैनिकानं ती आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली छापली. यूट्यूबवाल्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो लोकांच्या मोबाईलमध्ये उतरलेला होता.

म्हाताऱ्या यायच्या थांबल्या. त्यांच्या सुना पाठवत नव्हत्या. त्यांच्या जागी व्हिडिओ पाहिलेले पुरुष यायला लागले आणि नको ते विचारायला लागले. दोघांना मी आत टाकलं, तरी येणं थांबलं नाही. शेवटी तिनं बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवला. नवरा-बायको पुन्हा पुण्याला गेले. जाण्याआधी ती ठाण्यात आली होती. महिला अंमलदारांच्या आईची मान कशी धरायची, ते त्यांना शिकवून गेली.

तपास लागला म्हणजे न्याय झाला, असं मी नोकरीत तरुण असताना मानायचो. या प्रकरणानंतर तसं मानणं सोडलं. तपास कागदावर लागतो. ज्याचं नाव गेलं, त्याला तो कागद दारावर लावता येत नाही.

निवृत्तीनंतर फाट्याजवळच एका लग्नाला गेलो होतो. जेवताना शेजारचा गृहस्थ म्हणाला, “साहेब, इथंच ते मसाज सेंटर होतं ना? छापा पडला होता.”

“मीच गेलो होतो,” मी म्हणालो. “तिथं काहीही नव्हतं. सरळ, कष्टाचं काम होतं. खबर खोटी होती, देणाऱ्याला कोर्टात दंडसुद्धा झाला.”

त्यानं माझ्याकडे बघत हळूच डोळा मिचकावला.

“आता तुमी रिटायर झाले, साहेब. आता तरी खरं सांगा.”