तळेवाडीचा रुटीन निरोप

दुपारी आपण झोपत नाही, असं कुमुदताई पाटणकर सगळ्यांना सांगतात. जरा टेकायचं, बस्स. प्रत्यक्षात व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकल्या की दोन मिनिटांत मान कलते, आणि शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज पातळ होत होत वेगळाच व्हायला लागतो. आधी घरघर, मग खरखर. ती खरखर त्यांच्या चांगल्या ओळखीची. चाळीस वर्षं त्यांनी हौशी रेडिओवर, सेटवरून गावोगावच्या लोकांशी बोलण्यात काढली, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून. आज मात्र ती इथे ऐकू यायला नको, कारण दोन वर्षं झाली, त्यांनी सेटला हात लावलेला नाही.

"पेठ, पेठ, तळेवाडी बोलतोय. एक निरोप हाय. रुटीन. ओव्हर."

आवाज विश्राम घागचा आहे, आणि विश्राम दोन वर्षांपूर्वीच्या पुरात गेला.

कुमुदताई डोळे उघडतात. निदान त्यांना तसं वाटतं. व्हरांडा कुठे दिसत नाही. त्या पेठेतल्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर बसल्या आहेत, समोर सेट, पायाशी गाडीची बॅटरी, खाली जिन्यात पाणी. पुराच्या दिवशी वीज गेली, फोन गेले, तेव्हा गावात बोलत होते ते फक्त या हौशी रेडिओवाल्यांचे सात सेट. सहा जण सहा ठिकाणी, त्यात विश्राम तळेवाडीच्या शाळेत, आणि मध्ये पेठेत कुमुदताई, कोणी आधी बोलायचं ते ठरवणाऱ्या. सगळे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं की पेठेनं 'थांब' म्हटलं की थांबायचं. पुन्हा हाक येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, पण कान उघडे ठेवायचे.

"बोल विश्राम," त्या घाईघाईने म्हणतात. "बोल, मी ऐकतेय. थांबू नकोस."

"एवढं वरडायला काय झालं ताई? मी हाय हितंच."

तो खरंच तिथे आहे, बाकावर बसलेला, गुडघ्यापर्यंत ओला. शर्टाच्या खिशात टेस्टर. बाजारात मोटारी वाइंडिंग करायचं त्याचं दुकान होतं, आणि वयाच्या पन्नाशीला परीक्षा देऊन त्याने रेडिओचं लायसन काढलं होतं. कुमुदताईंचा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी आणि सगळ्यात वक्तशीर.

"तू वाळलेला नाहीस अजून," त्या म्हणतात. दुसरं काही सुचत नाही.

"वाळायला ऊन कुठाय?"

प्रयोगशाळेचं दार उघडून त्या त्याच्यामागून जातात, तर पलीकडे विश्रामचं दुकान लागतं. भिंतीवर तांब्याच्या तारांची वेटोळी लटकलेली, आणि जमिनीवर घोट्याइतकं स्वच्छ पाणी, ज्यात कुणाची तरी चप्पल शांतपणे फिरते आहे. विश्राम गिऱ्हाइकाची मोटार उचलून वरच्या फळीवर ठेवतो. जणू पाणी आणखी चढणार हे त्याला माहीत आहे आणि त्याचं काही वाटत नाही.

"विश्राम, मी विसरले," कुमुदताई म्हणतात.

"कामात व्हतात."

"कामात नव्हते. विसरले. फरक असतो."

फरक असतो, आणि दोन वर्षं तो त्यांना कुरतडतो आहे. त्या दिवशी सकाळी अकरा दहाला विश्रामने अशीच 'एक निरोप हाय, रुटीन' म्हणून हाक दिली होती. त्याच वेळी दवाखान्यातून ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटांची यादी यायला लागली. "तळेवाडी, थांब," कुमुदताई म्हणाल्या. "थांबतो, ओव्हर," तो म्हणाला. यादी झाली, मग होडी कुठे पाठवायची ते झालं, मग आणखी काही. 'तळेवाडी, निरोप एक' लिहिलेली चिठ्ठी यादीखाली गेली. ती पुन्हा हाताला लागली तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यांनी हाक दिली, पण तळेवाडी बोललीच नाही.

तळेवाडीच्या शाळेच्या माडीवरची एकतीस माणसं वाचली. गेला तो एकटा विश्राम. ऐकत बसून बसून त्याच्या सेटची बॅटरी उतरली, आणि दुसरी आणायला तो खालच्या खोलीत गेला. पेठेची हाक चुकायला नको म्हणून. भिंत तेव्हाच पडली.

"समदं ऐकलं मी, बॅटरी हुती तवर," विश्राम तारेचं वेटोळं सोडवत म्हणतो. "ऑक्सिजनची नावं मी पण उतरवून घेतली. तुमचं एखादं निसटलं तर असावं म्हणून. सतरावं नाव तुम्ही दोनदा विचारलंत."

कुमुदताईंना रडू फुटतं. सतरावं नाव त्यांनी खरंच दोनदा विचारलं होतं.

"तू हे माझ्याच मनातलं बोलतोयस," त्या डोळे पुसत म्हणतात. "हे तुला कुठून कळणार? हे मला माहीत आहे म्हणून तू बोलतोस."

"मग काय तर! माझं मन आता राह्यलंय कुठं? तुमचंच वापरतोय. चालंल न्हवं?"

तो हसतो. जिवंतपणी हसायचा तसाच, ओठ मिटून, सुपारीचा तुकडा पडेल या भीतीने.

"प्रायॉरिटी म्हणाला असतास तर मी थांबवलं नसतं रे. रुटीन कशाला म्हणालास?"

"घरच्या निरोपाला कुणी प्रायॉरिटी म्हणतं व्हय? तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं. जिवावरचा निरोप तो प्रायॉरिटी, बाकी सगळा रुटीन. दर जूनच्या पहिल्या रविवारी पुराची रंगीत तालीम व्हायची. अशाच एका तालमीत विश्रामने 'डबा पाठवा' हा निरोप प्रायॉरिटी म्हणून दिला होता, आणि कुमुदताईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. लोक मरत असताना तुझ्या डब्याचं काय घेऊन बसलास? सगळे खो खो हसले. विश्रामही हसला, आणि त्यानंतर त्याने कधी रुटीनच्या वर काही म्हटलं नाही.

आता ते दोघे एका स्वयंपाकघरात उभे आहेत. ओट्याशी पाठमोरी बाई तांदूळ निवडते आहे. कुमुदताई ती पाठ ओळखतात आणि एक पाऊल मागे सरतात. ती रजनी, विश्रामची बायको. तेराव्याला रजनीने विचारलं होतं, "शेवटी काय बोलले हो हे?" आणि कुमुदताई म्हणाल्या होत्या, "सगळं ठीक आहे म्हणाला. नीट बोलणं झालं." खाई त्याला खवखवे. त्या दिवसानंतर रजनीच्या आळीतून जायचं झालं तर कुमुदताई देवळामागून वळसा घालतात. सेटही त्यांनी तेव्हाच कपाटात घातला.

"निरोप तिला आहे," कुमुदताई कुजबुजतात. ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"दुसरं कुणाला असणार? घ्या लिहून. वाईच शिस्तीत घ्या, मग वाद नको."

"तू इथंच उभा आहेस की तिच्याजवळ. तूच सांग."

"माझं तिला ऐकू जात नाय," विश्राम म्हणतो. आत्तापर्यंतच्या थट्टेचा मागमूसही त्याच्या आवाजात नाही. "दोन वर्सं झाली, मी हितं उभा ऱ्हाऊन बघतोय. तुमच्याकडनंच जायला पायजे."

तांदूळ निवडणारे हात थांबत नाहीत. सुपात खडे कमी आणि पाणीच जास्त आहे.

कुमुदताई लिहायला लागतात. नंबर एक. दर्जा रुटीन. मग त्या दर्जा खोडायला जातात, तर विश्राम म्हणतो, "ऱ्हाऊ दे. मी दिला तोच लिवा." प्रति, रजनी विश्राम घाग. शब्द किती? सहा. मग तो एकेक शब्द सावकाश सांगतो, मध्ये लिहिण्याएवढी जागा सोडून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. कुमुदताईंना शब्द न् शब्द लख्ख कळतो. इतका साधा निरोप! एवढ्यासाठी दहा सेकंदसुद्धा लागले नसते. तरीही त्या रीतीप्रमाणे निरोप वाचून दाखवतात. सहाही शब्द.

"बरोबर," विश्राम म्हणतो. "पोचवा."

"ती मला दारात उभी करील का रे?"

"ते मला काय ठावं? ते तुमच्या मनात न्हाय, म्हंजे माझ्याबी न्हाय."

"विश्राम, थांब जरा—"

शब्द तोंडातून जातो आणि कुमुदताई जीभ चावतात. पुन्हा तेच. पण विश्राम या वेळी थांबत नाही. तो जिना उतरायला लागतो, एक पायरी, दुसरी, पाण्यात कमरेपर्यंत, आणि मागे वळून बघत नाही. कुमुदताईंना त्याला हाक मारायची आहे, आणि हाक कुठल्या नावाने मारायची तेच आठवत नाही.

शेजारची मोटार बंद होते, त्या शांततेनेच त्यांना जाग येते.

व्हरांडा आहे, पायांवर ऊन आलं आहे. तोंड खारट झालंय. मांडीवर वर्तमानपत्रातलं शब्दकोड्याचं पान आणि उजव्या हाताच्या बोटांत पेन्सिल. कोड्याशेजारच्या कोऱ्या पट्टीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं आहे: नंबर १. रुटीन. प्रति, रजनी विश्राम घाग. शब्द ६.

त्याखाली मजकूर असायला हवा. तिथे नुसत्या रेघा आहेत, पेन्सिल झोपेत घसरते तशा, सहा तुटक रेघा. कुमुदताई चष्मा लावून बघतात, पान उजेडात तिरपं धरून बघतात. एक अक्षर लागत नाही. शब्द आठवायला जातात तर मघाशी इतके लख्ख असलेले शब्द साफ गेलेले. भाताबद्दल होतं का? गुरांबद्दल? नाही, काहीच नाही. दुसऱ्यांदा गमावला निरोप. त्या तोंडाला पदर लावून खूप वेळ रडतात, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता.

मग उठून तोंड धुतात. पानाची ती पट्टी नखाने दुमडून सरळ फाडतात आणि मुठीत धरतात. चप्पल घालताना त्या आपल्या मनाशी वाक्य जुळवत राहतात आणि ते काही केल्या जुळत नाही. देवळाशी पोचल्यावर वळसा न घालता त्या सरळ आळीत शिरतात. निरोप काय होता ते रजनीला सांगता येणार नाही. तो तिच्यासाठी होता, आणि तो कोणी अडवला, एवढंच सांगता येईल.