घोरपडीचा पालट

भिंगरीला खुर्ची मानवत नाही, असं तिची आई म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. शाळेत गणित शिकवायची तेव्हाही ती फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालतच शिकवायची. भिंगरी हे नाव मुलांनीच पाडलेलं. ते शाळेतून घरी आलं, आणि घरातून तिच्या नव्या नोकरीवरही पोचलं.

नवी नोकरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे पत्त्यांचे खेळ तयार होत.

"पत्ते कुटायला पगार देतात?" आईने विचारलं होतं.

"कुटायला नाही गं, बनवायला."

"म्हणजे दुसऱ्यांना बिघडवायला," आई म्हणाली आणि तिच्यापुरता तो विषय मिटला.

साधे बावन्न पत्ते नव्हते हे. प्रत्येक पत्त्यावर एखादा अजब प्राणी, जादूगारीण नाहीतर शापित किल्ला असायचा. खेळणारे पाकिटं विकत घ्यायचे, आपसात अदलाबदल करायचे, स्वतःची जुडी जमवून एकमेकांशी लढायचे. कोणत्या पत्त्याने काय करायचं हे ठरवणं भिंगरीचं काम. चित्रं काढायची ती एक वयस्कर चित्रकार बाई, जिचा कुंचला कागदावर टेकला की खोलीतली माणसं आपोआप हळू बोलू लागत.

या खेपेला मालकाच्या डोक्यात एकच होतं. नव्या संचातले प्राणी रूप बदलणारे हवेत.

"सुरवंटाचं फुलपाखरू होतं ना ताई, तसं काहीतरी. फक्त बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे."

भिंगरीने नियम बांधला, त्याला नाव दिलं 'पालट'. पत्ता दोन्ही बाजूंनी छापायचा. एका अंगाला प्राण्याचं पहिलं रूप, दुसऱ्या अंगाला दुसरं. आपली पाळी आली की एक तेज खर्च करायचं (तेज म्हणजे त्या खेळातलं इंधन) आणि पत्ता उलटायचा. रूप बदललं की जुन्या जखमा भरून निघणार. वाटलं तर पुन्हा उलटून पहिल्या रूपात यायचं. चित्रकार बाईने जीव ओतून चित्रं काढली. त्यातली काजळघोरपड तर अशी उतरली होती की हात लावला तर बोटाला काजळी लागेल असं वाटावं. तिचं दुसरं रूप राखपंखी, करड्या पंखांचं आणि डोळ्यांत निखारे असलेलं.

कचेरीत खेळून बघणारी चार पोरंपोरी होती. त्यांनी खेळून पाहिलं. म्हणाली, मस्त. मालक म्हणाला, मस्त. छापखान्याला तारीख दिली गेली.

आणि भिंगरीची झोप उडाली.

कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते सापडेना. खेळणारे पत्ता उलटायचे ते झोपेत कूस बदलावी तसे. घोरपडीची राखपंखी व्हायची आणि समोरच्याची भुवईसुद्धा हलायची नाही. चूक म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती, म्हणून कुणाला सांगताही येईना. ती कचेरीत खिडकीपासून दारापर्यंत फिरायची, पेन्सिलींची टोकं चावायची, घरी आली की स्वयंपाकघरातले डबे काढून उंचीप्रमाणे लावायची, मग ते पुन्हा काढून वापराप्रमाणे लावायची.

"मीठ कुठंय?" आईने एका सकाळी विचारलं. भिंगरीला सांगता आलं नाही. आईने कपाळाला हात लावला. "दादाकडे जाऊन ये. दोघं एकमेकांना खायला उठाल, पण माझे डबे तरी जागेवर राहतील."

दादाचं नाव निघालं तसं भिंगरीने डबे पुन्हा लावायला घेतले.

दादा टॉवर क्रेन चालवायचा. इमारतींच्याही वर, काचेच्या एवढ्याशा खोलीत बसून तो लोखंडाचे भारे असे अलगद खाली उतरवायचा की खालचा माणूस हात पुढे करून ते झेलतोय असं वाटायचं. पत्ते खेळायला त्यानेच भिंगरीला शिकवलेलं, आणि दर डावात तिला रडवलेलंही. मग एका सकाळी वर असतानाच त्याच्याभोवती जग फिरायला लागलं. कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं होतं. सोबत्यांनी त्याला दोराने बांधून, पायरी पायरी करत खाली उतरवलं. सगळी साइट मान वर करून बघत होती. त्यानंतर तो वर गेला नाही. कंपनीने त्याला फाटकावर बसवलं, आल्यागेल्याला हेल्मेट द्यायला. तेव्हापासून तो बोलेनासा झाला होता, आणि बोललाच तर समोरच्याला वाटे, न बोलता तर बरं.

रविवारी दुपारी भिंगरी गेली. दार वहिनीने उघडलं.

"या ताई. सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. तुमच्यावर तरी ओरडले तर बरं."

दादा भिंतीला पाठ टेकून, मान ताठ धरून बसला होता. मान एकदम वळवली तर घेरी यायची. भिंगरीने नमुन्याच्या पत्त्यांचा डबा टेबलावर ठेवला.

"खेळ एक डाव."

"कशाला?"

"मोडून दाखव म्हणून."

यावर तो जरासा हलला. खोट काढायला बोलावलं तर दादा यमाच्या दारातूनही परत आला असता. त्याने पत्ते टेबलभर पसरले आणि मान न वाकवता, नुसती नजर खाली टाकून एकेक वाचत गेला. भार उचलण्याआधी साखळीची कडी न् कडी बघायचा तसाच. भिंगरीच्या तीन येरझाऱ्या झाल्या, पाणी पिऊन झालं.

"बस खाली. तुझ्या फिरण्याने मला गरगरतं."

ती बसली. डाव सुरू झाला. थोड्या पाळ्या दादा सटरफटर खेळला. मग त्याने तीन पत्ते शेजारी शेजारी मांडले. काजळघोरपड, एक ओहोटीची जादूगारीण आणि एक काटेरी कुंपण.

"घोरपड पालटायला एक तेज लागतं. बरोबर?"

"बरोबर."

"कोणीही पालटलं की ही जादूगारीण मला एक तेज देते."

भिंगरी टेबलावर वाकली.

"आणि कोणी पालटलं की हे कुंपण तुला एक ओरखडा काढतं. बघ आता." त्याने पत्ता उलटला. पुन्हा उलटला. पुन्हा. "एक तेज दिलं, एक तेज मिळालं. घोरपड, राखपंखी, घोरपड, राखपंखी. तू मेलीस, भिंगरे. हातातले बाकीचे पत्ते मी अजून टाकलेलेसुद्धा नाहीत."

आणि तो हसला. मोठ्याने, लहानपणी हसायचा तसा. स्वयंपाकघरातून वहिनी हातातलं फडकं घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. भिंगरीला एकाच वेळी त्याच्या गळ्यात पडावंसं आणि त्याचा गळा धरावासा वाटत होता.

सोमवारी तिने मालकाला गाठलं. छपाई थांबवा, म्हणाली.

मालकाचा चेहरा उतरला, पण तो काही बुद्दू नव्हता. त्याने पत्ते पाहिले, जरा वेळ विचार केला. "एका पाळीत एकदाच पालटता येईल, एवढं वाक्य घाला. भोक बुजलं."

"भोक बुजेल. पण सर, मुळात..."

"मुळात काय?"

"मुळात हा पालटच नाही. नुसते कपडे बदलल्यासारखं आहे. पाहिजे तेव्हा घाला, पाहिजे तेव्हा काढा. म्हणून तर कोणाला काही वाटत नाही."

"ताई, पोरं आनंदाने खेळतायत. तुम्हालाच का टोचतंय?"

 ती नुसती टेबलाभोवती फिरत राहिली. शेवटी मालक वैतागून म्हणाला, "पुढच्या सोमवारपर्यंत नवं काही आणलंत तर बघू. नाहीतर ते वाक्य घालून मी छापतो."

तो आठवडा कसा गेला हे भिंगरीला धड सांगता येणार नाही. कामावरून ती रोज दादाकडे जायची. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, की पालटलेलं परत फिरणार नाही. दादा म्हणाला, "हे तुला आत्ता कळलं होय?" आणि एवढ्या कोरड्या आवाजात म्हणाला की ती खाली मान घालून पत्ते मांडू लागली.

परत फिरायचं नसेल तर पत्ता उलटायचाच कशाला? तिने दुसऱ्या रूपाचा पत्ता वेगळा केला आणि पहिल्यावर ठेवून दिला. ठेवताना तो थोडा तिरका, वर सरकून बसला. खालच्या घोरपडीची एक पट्टी उघडी राहिली. ती सरळ करायला भिंगरीने हात पुढे केला, तसा दादाने तिचा हात धरला.

"राहू दे. ही ओळ वाचता येतेय."

मग दोघांच्या अंगात आलं. जुन्या रूपाची एक ओळ नव्यात शिल्लक राहायची. पत्त्याच्या वरच्या कडेला प्राण्याचं कसब लिहायचं, खालच्या कडेला त्याची खोड. घोरपडीचं कसब असं, की धरलं त्याला हलू देत नाही. खोड अशी, की अंग गार पडलं की एक पाळी पडून राहते. वरचा पत्ता खाली सरकवला तर कसब दिसतं, वर सरकवला तर खोड.

"पण दिसायचं काय, हे ठरवणार कोण?" भिंगरी म्हणाली. "खेळणाऱ्यावर सोडलं तर तो कसबच ठेवणार."

"समोरच्यावर सोडलं तर तो खोड."

तिथे दोन दिवस गाडं अडलं. भिंगरीने नाणेफेक सुचवली, दादाने तिला मूर्ख म्हटलं. दादाने काहीतरी सुचवलं, ते भिंगरीने कागदाचा बोळा करून फेकलं. वहिनी मधे चहा ठेवून जायची आणि दोघांच्याही शिव्या खायची.

शुक्रवारी भिंगरी डावाच्या पहिल्याच पाळीपासून पालटाची मुभा देऊ पाहत होती, म्हणजे सगळे प्राणी भराभर पालटतील. दादा म्हणाला, "मुभा देऊन काय होणार? धडधाकट असताना कोण बदलायला जातं? अंगाशी आल्यावरच बदलतो माणूस."

 वहिनीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. भिंगरीला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण तिच्या जिभेवर जे आलं ते भलतंच होतं.

"म्हणजे जखमी असताना पालटलं तर..."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मान न सांभाळता, एकदम वळून. क्षणभर त्याने टेबल घट्ट धरलं, डोळे मिटले, मग उघडले.

"तर खोड उरते," तो म्हणाला. "ठणठणीत असताना पालटलं तर कसब. आणि जखमा बिखमा काही भरायच्या नाहीत. आहेत तशा वरच्या पत्त्यावर चढवायच्या."

सोमवारी पोरांनी नवा नियम खेळून पाहिला. पहिल्याच डावात एक मुलगी पत्ता हातात धरून अडून बसली. ठणठणीत आहे तोवर आत्ताच पालटू, की फटक्याचा धोका पत्करून अजून एक पाळी पहिलंच रूप ठेवू? समोरचा टेबलावर बोटं वाजवू लागला. बाकीचे मागे येऊन उभे राहिले, एक म्हणाला आत्ता, दुसरा म्हणाला थांब, आणि दोघांची जुंपली. मालक दारातून बघत होता. तारीख पुढे ढकलायला त्याने छापखान्याला फोन लावला.

पण एक गोष्ट भिंगरीने कोणाला सांगितली नव्हती. एका दुतोंडी पत्त्याच्या जागी आता दोन पत्ते लागणार होते, आणि संचाचा आकार तर ठरलेला. निम्मे प्राणी गळणार. चित्रकार बाईचे प्राणी.

तिने ते बाईला स्वतः सांगितलं. बाई कुंचला धूत होती. तिने गळणाऱ्यांची नावं ऐकून घेतली.

"दलदलीचा हत्तीसुद्धा?"

"हो."

"त्याच्या कातडीवर मी महिना घातलाय."

"माहितीय."

"चांगला झालाय का तुमचा नियम?"

"झालाय," भिंगरी म्हणाली. "खूप."

"मग काय बोलणार," बाई म्हणाली, आणि पाणी काळं होऊनही बराच वेळ कुंचला धूत राहिली. त्यानंतर ती भिंगरीशी कामापुरतंच बोलू लागली. काजळघोरपडीच्या पत्त्यावर पट्ट्यांसाठी जागा करायची म्हणून चित्र वरून-खालून कापावं लागलं, तेही तिने मुकाट्याने कापून दिलं. भिंगरीला ते कापणं बघवेना. ती जिन्यावर जाऊन उभी राहिली.

संच बाजारात आला. लोक त्यावर तुटून पडले असं काही झालं नाही. काहींनी नाकं मुरडली, आधीचे खेळ सोपे होते म्हणाले. पण जे खेळायचे ते भांडत, ओरडत खेळायचे, आणि मालकाला तेवढं पुरे होतं. दादा सुटीच्या दिवशी कचेरीत येऊ लागला. जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून, दर पायरीवर थांबत तो चढायचा आणि कोणी मदतीला पुढे झालं तर असा बघायचा की त्याने मागे सरावं. पोरांच्या चुका काढायचा. पोरं त्याला टरकायची, पण तो आला नाही तर विचारायची. क्रेनचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि घरी अजूनही काही दिवस तो बोलत नसे. वहिनी म्हणाली, पूर्वी सगळेच दिवस तसे असायचे.

मग एका खेळणाऱ्याने कंपनीला विचारलं, की पालटलेल्या प्राण्यावर दुसऱ्याच प्राण्याचं रूप तिसरं म्हणून ठेवलं तर उघडी राहणारी ओळ कुणाची? पहिल्याची की दुसऱ्याची? नियमात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. भिंगरीने दादाला फोन लावला.

"हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," दादा म्हणाला.

"अजिबात सांगितलं नव्हतंस."

"मग सांगायला हवं होतं. पत्ते घेऊन ये."

भिंगरीने डबा काखेला मारला आणि जिना उतरू लागली. चित्रकार बाई खालून वर येत होती. जिना अरुंद, दोघींना एकमेकींना वाट करून द्यावी लागली.

"काय झालं आता?" बाईने विचारलं.

"एकाने तिसऱ्या रूपाचं विचारलंय. जमलं तर पुढच्या संचात प्राणी वाढवावे लागतील."

बाई एक पायरी चढली, मग थांबली. "हत्तीला तिसरं रूप देता येईल," ती मागे न बघता म्हणाली. "माझ्या डोक्यात आहे."

"मी सरांशी बोलते."

"बोला," बाई म्हणाली, आणि वर निघून गेली.