भट्टीची उष्णता नव्हती ती

"आठ महिन्यांत एकाही डॉक्टरने बोट घालून तपासलं नाही?" पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातले सर्जन हातमोजा काढत मला विचारत होते. मी टेबलावर कुशीवर पडलेलो, पायजमा गुडघ्यापर्यंत. नाही म्हणालो. हातमोजा बादलीत टाकून ते म्हणाले, "ही मूळव्याध नाही. आत गाठ आहे. बहुतेक कॅन्सर."

मी हसलो. खरंच हसलो. त्रेचाळीस वर्षांचा, पिंपरीच्या फौंड्रीत ओतकाम करणारा गडी मी, मला कसला कॅन्सर?

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. आमच्या फौंड्रीत कुणाला शौचातून रक्त पडलं की भट्टीची उष्णता, हे ठरलेलंच. सगळे सब्जा, ताक, गुलकंदावर भागवायचे. मीही तेच केलं. मग कंपनीच्या डिस्पेन्सरीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच मूळव्याधीच्या गोळ्या लिहिल्या. खोटं कशाला सांगू, कपडे काढावे लागले नाहीत म्हणून मी खूश होतो. नंतर चिंचवडच्या वैद्यांकडून पुड्या आणल्या. वजन उतरत गेलं. शौचाला जाऊन आलो तरी पोट साफ झालंय असं वाटेना. शेवटी सेकंड शिफ्टला साच्यांजवळ चक्कर येऊन पडलो, तेव्हा साहेबांनी पुण्याला पाठवलं.

बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा कण कापून तपासला. रिपोर्टला आठ दिवस. बाकावर बसून समोरची पाटी मी शंभरदा वाचली असेल, तिच्यावर काय होतं ते आज आठवत नाही. कॅन्सरच निघाला. ऑपरेशनमध्ये गुदद्वार काढून टाकलं आणि कोलोस्टॉमी केली, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावली. कायमची. शुद्धीवर आल्यावर तिला हात लागला आणि मी ढसाढसा रडलो.

दहाव्या दिवशी सर्जनांनी विचारलं, सख्ख्या भावंडांत कुणाला असा त्रास? मी ठामपणे नाही म्हणालो. दुपारी चऱ्होलीहून थोरला भाऊ भेटायला आला, म्हणून त्याला सहज विचारलं.

"मला बी पडतंय रगात," दादा म्हणाला. "दोन वरसं झाली. त्यात काय?"

दादा शेती करायचा. भट्टी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

तपासून घ्यायला तो काही तयार होईना. या वयात कुणापुढं नागडं व्हायचं न्हाई, म्हणाला. मी चादर बाजूला केली. पिशवी पाहून तो कॉटचा दांडा धरून उभा राहिला.

"मी लाजलो त्याचं हे, दादा," मी म्हणालो. "तू लाजू नको."

त्याच्या आतड्यात पॉलिप निघाला, म्हणजे मांसाचा लहानसा कोंब. त्याचा कॅन्सर अजून व्हायचा होता. सर्जनांनी नळीतून तो काढला. त्यांचे उपकार आम्ही दोघे विसरणार नाही.

दवाखाना कुठला बरा, असं लोक मला विचारतात. रक्त पडतंय म्हटल्यावर जिथे आधी टेबलावर झोपवून तपासतात, तो बरा. जिथे बसल्या जागी औषध लिहितात, तिथून उठा.

सुरुवातीला मला या पिशवीची शिसारी यायची. आता ती धुताना राग येत नाही. दादा तिला पाहूनच टेबलावर चढला.