मार्थावहिनीचा निळा झगा

‘मार्था गेली. लगेच ये.’ दादाची तार पन्हाळ्याला माझ्या शाळेत आली, तेव्हा मी वर्गात होते. आज महिना होत आला, तरी माझी जर्मन वहिनी गेली हे मनाला पटत नाही...

दादा जर्मनीत डॉक्टरी शिकायला गेला आणि लढाईमुळं तिकडेच अडकला. लढाई संपल्यावर तो हिला घेऊन कसबा बावड्याला परतला. आईनं ओवाळून घरात घेतलं, पण मन मोकळं केलं नाही. वहिनी खोलीत गुणगुणायला लागली की आई दाराशी थबकायची. “काय म्हनती गं ही? कुनाला बोलावती?” गल्लीत तर ती हेर असल्याची बोलवा होती. वहिनीनं केलेली आमटी आई आधी स्वतः चाखायची, मगच आम्हाला वाढायची.

एका दिवाळीला वहिनी निळा झगा घालून बाहेर आली. वर घट्ट चोळी, खाली घेर, पुढं पांढरं फडकं बांधलेलं. “आमच्या गावचा जुना पोशाख. दिर्न्डल,” ती हौसेनं म्हणाली.

शेजारी एक प्राध्यापक राहायचे. थोडं जर्मन शिकलेले. त्यांनी दुपारी आईला ओट्यावर गाठलं. “हा शब्द ‘दिर्न’वरून आलाय. दिर्न म्हणजे वेश्या. सुनेची नीट चौकशी करा.”

दादा दवाखान्यात होता. आईनं वहिनीला समोर बसवलं. “खरं सांग. ते दिर्न म्हंजी काय? तू कोन हाईस?”

वहिनी मोडक्या मराठीत म्हणाली, “दिर्न म्हणजे आधी फक्त मुलगी. मग दुसऱ्याच्या घरी राबणारी मुलगी. पुढं लोकांनी शब्द घाण केला. दिर्न्डल म्हणजे छोटी पोरगी... हे तिचे कपडे.”

माझी आई तरुणपणीच विधवा झालेली.

“तुझा सासरा गेला,” ती म्हणाली, “त्याच दिवशी मला लोक रांड म्हनाय लागले. मी काय वंगाळ केलतं?”

मग उठून तिनं ओट्यावरूनच प्राध्यापकांना सुनावलं, “माझ्या सुनंची चौकशी झाली. आता तुमची करू व्हय?”

परवा पुन्हा घरी गेले. वहिनीच्या खोलीत आता आई झोपते. भिंतीवरच्या खुंटीला तो झगा आहे. भेटायला आलेल्या बाईनं विचारलं, “हे काय हो?”

आईनं घेरावरची चुणी हातानं सारखी केली.

“आमच्या पोरीचं हाय,” ती म्हणाली.