नासीर मिस्त्रीची भीड

धुळ्यात पांझरा नदीच्या पुलाअलीकडे नासीर मिस्त्रीचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते मालकाच्या मानासाठी. खरं तर दोन भिंतींमधला बोळ, त्यावर पत्रा, आणि पत्र्याखाली टायर टांगलेले. नासीरचं वय बावन्न, अंगानं काटक, बोलायला कमी. हातात पाना असला की माणूस सुखी, नसला की हात कुठं ठेवावे हे त्याला कळत नाही.

त्याचे अब्बा तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. त्यांनी पोराला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे हात. नुसतं चाक फिरवून कुठली तार सैल आहे हे सांगणारा हात. आणि दुसरी एक शिस्त. गिऱ्हाईक नवी वस्तू घेऊन आलं, की चारचौघांत तिला नाव ठेवायचं नाही. ऐब दिसली तर दुकानात, एकट्याला, हळू सांगायची. ही शिस्त अब्बांनी ठेच खाऊन कमावलेली. एका नवरदेवाला सासऱ्यानं लग्नात सायकल दिली होती. ती मांडवातच बघून अब्बा बोलून गेले, की हिचा पुढच्या चाकाचा चिमटा वाकडा आहे. झालं! वरपक्ष रुसला, जेवणावळ अडली, आणि त्या भावकीतला एकही माणूस पुढं वर्षभर दुकानाची पायरी चढला नाही. तेव्हापासून अब्बा म्हणायचे, वस्तू लोखंडाची असते बेटा, पण तिच्यावरची हौस काचेची असते.

बोलणं चांगलंच आहे. पण चांगल्या बोलण्यानंही माणूस कधीकधी मरतो.

मधे अशी वर्षं आली की सायकलीला कुत्रं विचारीना. पोरंसोरंसुद्धा मोटारसायकलीवर. नासीरनं हातगाड्यांची चाकं नीट करून दिवस काढले. मग डॉक्टर लोकांनी सांगितलं की पोट कमी करा, आणि गावातली बरी बरी माणसं पुन्हा सायकलवर आली. त्यांचा एक ग्रुप झाला. दर रविवारी पहाटे निघायचं, लळिंगच्या किल्ल्याखाली जायचं, टपरीवर पोहे-चहा, आणि उन्हं चढायच्या आत घरी. वाटेत कुणाचं काही बिघडलं तर असावा म्हणून नासीरला बोलावलं, आणि मग तो त्यांच्यातलाच झाला. निदान त्याला तसं वाटायचं. "नासीरभाई, चला पुढं," असं एखाद्या बँकेच्या साहेबानं म्हटलं, की त्याची छाती चार बोटं फुगायची. मिस्त्रीला 'भाई' म्हणणारे लोक त्यानं आयुष्यात फारसे पाहिले नव्हते.

त्या ग्रुपात मोतीलाल नाना होते. मूळ शिंदखेड्याकडचे, तीस वर्षं टपाल वाटलं, निवृत्त झाले आणि घरात बसून बसून वाळायला लागले. बायकोनं, भागाबाईनं, त्यांना ढकलून बाहेर काढलं. "जा त्या सायकलवाला लोकेस्मा," आपल्या अहिराणीत म्हणाली. नाना आले ते आपली काळी, उंच, दांडीची सायकल घेऊन. लोक गियर बदलत धापा टाकायचे आणि हे टोपी सावरत सरळ चढ चढायचे. तीस वर्षांत एकदाही पडलो नाही, हे ते दर रविवारी एकदा तरी सांगत. ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ झालं होतं, तरी कुणी अडवत नसे.

आणि होते भूषणभाऊ. पाण्याच्या मोटारींची एजन्सी, हसरा चेहरा, खर्चाला पुढं. माणूस वाईट नव्हे. फक्त त्यांच्याकडं काही नवं आलं आणि ते चार लोकांनी पाहिलं नाही, तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

डिसेंबरात त्यांचा मेहुणा अमेरिकेहून आला आणि येताना खोक्यात घालून डोंगरातली सायकल घेऊन आला. शुक्रवारी ते खोकं नासीरच्या बोळात उघडलं. पुढं शॉकअप, मागंही शॉकअप, चाकं मोटारसायकलीसारखी जाड, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. नासीरनं प्रत्येक पुर्जा फडक्यानं पुसून लावला. अशी वस्तू त्याच्या हाताखालून आजवर गेली नव्हती. काम चालू असताना जेवणाचा डबासुद्धा त्यानं उघडला नाही.

शेवटी ब्रेक दाबून पाहिले, आणि तो थांबला. आपल्याकडं उजवा हात पुढच्या चाकाचा, डावा मागच्याचा. साऱ्या मुलखाची ही सवय. इथं ते उलटं होतं. डावी मूठ दाबली की पुढचं चाक जागीच ठप्प. तिकडची रीतच तशी असणार.

भूषणभाऊ आले तेव्हा त्यानं शिस्तीप्रमाणे एकट्याला, हळू सांगितलं. "भाऊ, ब्रेक उलटे आहेत. सोमवारपर्यंत ठेवा. नाशिकहून तेल मागवतो आणि नळ्या बदलून देतो."

"सोमवारपर्यंत? अहो रविवारी सगळ्यांना दाखवायचीय!" भूषणभाऊ हसले. "कंपनीनं काय चुकीचं लावलंय का? माझ्या हाताला बसेल दोन दिवसांत. आणि नासीरभाई, तिथं लोकांसमोर उगाच खुसपट काढू नका हं."

नासीर म्हणाला, "नाही काढणार."

रविवारी भूषणभाऊ मुद्दाम उशिरा आले. सगळे टपरीशी जमलेले, आणि हे मातीच्या रस्त्यानं दगडधोंड्यांवरून नाचत येतायत. उतरायच्या आत गराडा पडला. कुणी सीट दाबून बघतोय, कुणी शॉकअपवर अंगठा टेकतोय. बँकेतला पंडित म्हणाला, "एवढ्या पैशात बुलेट आली असती राव!" आणि भूषणभाऊंना ते ऐकून पेढा खाल्ल्यासारखं झालं. त्यांनी हातभर उंचीच्या बांधावरून सायकल खाली उडवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नासीरनंही वाजवल्या, कारण बांधणी त्याची होती. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "मिस्त्रीनं काय ठोकलीय!" आणि तो लाजला.

नवी गाडी आली की प्रत्येकानं एकेक फेरी मारायची, हा ग्रुपचा रिवाज. पंडितनं सपाटीवर फेरी मारली, आला आणि म्हणाला, "ब्रेक लईच कडक आहे." भूषणभाऊ म्हणाले, "डिस्क आहे ती." ब्रेक उलटा आहे हे ते बोलले नाहीत. त्यांना स्वतःला दोन दिवसांत सवय झाली होती, त्यामुळं बहुधा ते विसरलेही असतील. नासीर मात्र विसरला नव्हता. पंडित सुखरूप परतेपर्यंत त्यानं पंडितच्या डाव्या मुठीवरून नजर काढली नाही. त्याला वाटलं, झालं, निभावलं.

मग भूषणभाऊंचं लक्ष नानांकडं गेलं. "नाना, तुम्ही मारा फेरी. सपाटीवर नाही, त्या किल्ल्याच्या उतारावरून या. गादीवर बसून आल्यासारखं वाटेल."

नाना आधी नको नको म्हणाले. पण डोळे सायकलीवरच. लहान पोरानं मिठाईकडं बघावं तसे. साठी उलटलेल्या माणसाला इतकं हरखलेलं पाहून सगळे चेकाळले. "होऊन जाऊ द्या नाना!" नाना उठले, टोपी काढून खिशात घातली. एका फेरीपुरतं हेल्मेट कशाला, म्हणून कुणी दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही.

नासीर दोन पावलं पुढं आला. आत्ता सांगायचं होतं. 'नाना, डावा ब्रेक पुढचा आहे.' पाच शब्दांचं काम. पण भूषणभाऊ समोर उभे. टाळ्या अजून गरम. आणि परवाचं ते 'खुसपट'. तोंडातून निघालं ते एवढंच: "नाना, ब्रेक हलके लावा."

"तीस वरीस सायकल चालाडी मी," नाना हसून म्हणाले. "आते तू माले ब्रेक शिकाडस का?"

सगळे हसले. नासीरही हसला. ते हसू त्याला पुढं झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

नाना सायकल ढकलत वर गेले, बसले आणि निघाले. निम्म्या उतारावर वेग वाढला, तेव्हा त्यांनी तेच केलं जे तीस वर्षं केलं होतं. मागचा ब्रेक म्हणून डावी मूठ आवळली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि नाना सायकलवरून पुढं फेकले गेले. आवाज फार झाला नाही. सायकल एकदा उलटली आणि त्यांच्याशेजारी येऊन पडली.

चार दिवस दवाखान्यात होते. शुद्धीवर आले नाहीत, तसेच गेले. दवाखान्याचं सगळं भूषणभाऊंनी पाहिलं, रडलेही. पण चौथ्या दिवसानंतर जी बोलणी सुरू झाली ती अशी: नानांचा तोल गेला. वयाचं भान हवं होतं. साठीला असली हौस बरी नव्हे. आधी टपरीवर, मग गल्लीत, मग नानांच्या घरात. खुद्द नानांचा मुलगा वना आईला म्हणाला, की तूच धाडलं त्यांना. भागाबाईनं तेराव्यापर्यंत कुणाशी शब्द काढला नाही. नासीर त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आला. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण भीक निदान पोट तरी भरते.

तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी भूषणभाऊंचा माणूस ती सायकल घेऊन बोळात आला. "हँडल सरळ करायचंय. आणि भाऊ म्हणाले, ब्रेक आपल्याकडच्यासारखे करा." नाशिकचं तेल कधीचं येऊन पडलं होतं. नासीरनं विचार केला नाही. त्याला एवढंच वाटलं, की आता हिच्यावर आणखी कुणी बसायला नको. नळ्या सोडल्या, बदलल्या, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. घड्याळ पाहिलं. एक तास लागला होता.

एक तास. त्यानं पाना खाली ठेवला आणि तिथंच, टायरांखाली, तो ओक्साबोक्शी रडला.

सकाळी तो पुलापलीकडं देवपुरात नानांच्या घरी गेला. भागाबाई ओट्यावर बसली होती.

"अक्का," तो म्हणाला, "नानानी चूक नव्हती. त्या सायकलना ब्रेक उलटा व्हतात. नानास्नी बरोबरच ब्रेक दाबा, पन मांगलाऐवजी पुढला लागी गया. कोनीबी पडता."

भागाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तेरा दिवस गोठलेला चेहरा हलला. "म्हंजे त्या सोताहून नही पडनात?"

"नही अक्का."

"मन्हामुळे नही?"

"नही."

तिनं पदर तोंडाशी नेला आणि मोकळी रडली. नासीरला वाटलं, एवढ्यावर संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण भागाबाई शहाणी बाई होती.

"तुले कधय समजनं?" तिनं विचारलं.

"सायकल मीच बांधी व्हती. शुक्रवारले."

"आनि तू तठेच उभा व्हता."

"व्हतू."

"मंग बोलना का नही?"

अब्बांची शिस्त, भूषणभाऊंचा शब्द, लोकांसमोरची शोभा. रात्रभर जुळवलेलं सगळं त्या ओट्यावर भाकरीच्या चुऱ्याएवढंही उरलं नाही. "भीड वाटनी, अक्का," तो म्हणाला.

मग आत तोंड करून तिनं हाक मारली, "वना, भायेर ये. तुना बाप कसा मरना ते हाऊ सांगी राहिना."

वना आला. नासीरनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी काही न गाळता. ऐकता ऐकता वनाचा चेहरा लाल झाला. आईला जे जे बोललो ते सगळं त्याला आठवत असणार. त्यानं पायात चपला सरकवल्या. "चाल. सायकल दाखाड. बठ्ठास्ले आते दाखाडू. पंडितले, त्या भूषणले, गल्लीले. मन्हा बाप पडनारा नव्हता."

नासीर जागचा हलला नाही.

"चाल ना!"

"कालदिन मी ब्रेक नीट करी टाकात," नासीर म्हणाला. "दोन्ही. आपलासारखा."

भागाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ओट्यावरून उठताना, कुणावर न ओरडता, ती म्हणाली, "म्हंजे आते जो पाही तो म्हनी, सायकल ते चांगली शे. म्हातारालेच चालाडता नही उनी."