काचेवरची रेघ

आमच्या प्रयोगशाळेत कणांच्या टकरी आता संगणक टिपतो. पूर्वी त्यांच्या खुणा फोटोच्या काचांवर उमटत आणि सूक्ष्मदर्शकातून त्या शोधायला बायका बसत. माझी आई त्यांतलीच एक. परवा जुनं कपाट आवरताना तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली एक काच सापडली, म्हणून मी तिला बोलावून घेतलं.

आईला आता एकाच डोळ्यानं नीट दिसतं. तरी तिनं चष्मा काढला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बोटांच्या टोकांनी बाजूचं चाक हलकेच फिरवू लागली. निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं, तसा तो हात. बघता बघता मला वाटलं, क्षणभरही न टिकणाऱ्या गोष्टींसाठी या हातांनी केवढी वर्षं दिली!

"ही बघ," ती म्हणाली. "ही रेघ मध्येच संपते आणि तिथून तीन फुटतात. मी दाखवली, तर साहेब म्हणाले, ओरखडा आहे, लक्ष देऊन काम करा. तेव्हापासून मनात राहिलंय. तू खरं सांग."

मी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक कण तिथं विरला होता आणि त्यातून तीन जन्मले होते.

"ओरखडा नाही, आई. तुझं बरोबर होतं."

तिनं पदरानं डोळे पुसले, मला हातानं बाजूला सारलं आणि पुन्हा काचेवर वाकली.